पालव सर, हिट विकेट, ४७

दत्ताराम पालव मैदानावर अंपायर होते आणि घरीही अंपायरच होते, अशी त्यांच्या बायकोची, माईंची, कायमची तक्रार होती. आमटीत मीठ जास्त झालंय का, असं माईंनी विचारलं की सर एक घास घेत, दुसरा घेत, समोरच्या भिंतीकडे बघत आणि मग म्हणत, "नाही." बस. का नाही, कितपत नाही, याचं स्पष्टीकरण मिळत नसे. माईंनी पुन्हा विचारलं तर उत्तर एकच, "निर्णय दिला."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉलेजात होते. स्कोअररची परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि दादरच्या मैदानात तंबूतल्या टेबलाशी बसून आयुष्यातली पहिली खरी मॅच लिहीत होते. अंपायरने खूण केली की स्कोअररने हात वर करून 'बघितलं' असं कळवायचं असतं. मी ते अगदी इमानदारीने करत होते. लंचला एक उंच, वाळकासा माणूस पांढऱ्या कोटात टेबलापाशी आला.

"सहावी ओव्हर, तिसरा बॉल. काय लिहिलंयस?"

"एक रन, सर."

"कुणाचा?"

"बॅट्समनचा."

"मी गुडघ्याला हात लावला होता. लेगबाय. बॅट लागलीच नव्हती. तू हात वर केलास. बघितलं होतंस?"

मी खरं सांगितलं. त्या वेळी मी पेनाचं टोपण शोधत होते. हात सवयीने वर गेला होता.

"म्हणजे न बघता बघितलं म्हणालीस," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "अंदाजाने लिहायचं नाही. दिसलं नाही तर विचारायचं. मी दिवसभर तिथे उभाच आहे."

एवढं बोलून ते मैदानाच्या टोकाच्या मोठ्या पांढऱ्या साइटस्क्रीनच्या मागे गेले आणि तिथून धुराची एक रेघ वर चढली.

सरांच्या कोटाला दोन खिसे होते. उजव्यात बॉल मोजायला सहा चिंचोके, डाव्यात सिगरेटचं पाकीट आणि काडेपेटी. खेळ चालू असताना डाव्या खिशात हात कधीही गेला नाही. पण ड्रिंक्स, लंच, टी, पाऊस, बॉल हरवणं, कुठलीही फट मिळाली की सर साइटस्क्रीनमागे. पहिली सिगरेट त्यांनी सोळाव्या वर्षी ओढली होती, वडिलांचा डबा द्यायला गेले असताना गिरणीच्या गेटवर. वडिलांच्याच मित्राने दिली होती. पुढे गिरणी गेली, तिथे काचेचे मजले उभे राहिले, सर विमा कंपनीत क्लार्क लागले, तिथून रिटायरही झाले. सिगरेट मात्र नोकरीत कायम राहिली. दिवसाला पंधरा-सोळा. डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती, आणि सर घरी आहेत की नाहीत हे शेजाऱ्यांना गॅलरीतल्या वासावरून कळायचं.

खोकला होताच. पण तो इतकी वर्षं होता की कुणाला ऐकूच येत नसे. ज्या दिवशी ऐकू आला, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ऑफिसांच्या स्पर्धेची फायनल होती. शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला सात रन हवे होते. बोलिंगला केदार नाईक. हा परळचा मुलगा, तेविसाचा असेल, फास्ट बोलर, आणि सरांचा धाक वाटत नाही असं दाखवणारा मैदानावरचा एकमेव माणूस. केदार धावत निघाला आणि नेमक्या त्याच वेळी सरांना ढास लागली. अशा वेळी अंपायरने हात आडवा करून बोलरला थांबवायचं असतं. सरांनी थांबवलं नाही. तोंड घट्ट मिटून ढास आतल्या आत दाबली. मला टेबलावरून त्यांचे खांदे हलताना दिसले. बॉल बॅटच्या बाजूने गेला, विकेटकीपरने पकडला आणि अकराच्या अकरा जण ओरडले.

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी मान हलवली. नॉट आऊट.

पुढच्या ओव्हरमध्ये त्याच बॅट्समनने दोन चौके मारले आणि मॅच संपली.

केदारने टोपी घेतली आणि तो तंबूत गेला. सर सही करायला माझ्या टेबलाशी आले, पण पेन हातात घेतलंच नाही.

"तुला बॅटला लागल्याचा आवाज आला होता?"

"सर, मी एवढ्या लांबून..."

"लांबून आला का?"

"आला."

सर तडक हरलेल्या टीमच्या तंबूत गेले. मीही मागोमाग गेले, कारण सही राहिली होती. आत सगळे बूट सोडत बसले होते. सर मधोमध उभे राहिले.

"केदार, ती तुझी विकेट होती. मला ढास लागली होती. मी ना बघितलं ना ऐकलं. बॉल थांबवायला हवा होता, तो थांबवला नाही. चूक माझी."

तीस वर्षांत कुठल्याही अंपायरने असं काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. एक जण एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला. केदारने मान खाली घातली आणि म्हणाला, "असू दे, सर. मॅच काय, पुन्हा होईल." मग त्याने जे इतरांच्या तोंडी कधीच आलं नसतं ते म्हटलं. "पण ती सिगरेट सोडा ना आता."

सरांनी डाव्या खिशातून पाकीट काढलं, काडेपेटी काढली, दोन्ही संत्र्याच्या सालींच्या डब्यात टाकली.

"सोडली," ते म्हणाले. "निर्णय दिला."

दुसऱ्या दिवशी मी सहीच्या निमित्ताने डिलाईल रोडला गेले. माईंनी हे सगळं माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं आणि अजिबात हुरळून गेल्या नाहीत.

"ह्यांचा काय खरा मानतंस गे? ह्यांनी आतापर्यंत चार वेळा सोडल्यानी आनि पाच वेळा धरल्यानी."

"तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं," सर आतून म्हणाले. "आता अख्ख्या टीमसमोर बोललोय." मग बाहेर येऊन माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पुन्हा ओढली तर कोट काढून ठेवीन. ढास लागलेला अंपायर कुणाच्या कामाचा?"

अंपायरिंग गेलं तर या माणसाचं घरात काय होईल, हे माईंइतकं कुणाला माहीत नव्हतं.

केदारने फोनवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पालव सर नॉट आऊट'. त्यात केदारची टीम, चार-पाच अंपायर, सरांची डोंबिवलीची मुलगी आणि मी. नियम असा ठरला की सिगरेटशिवायचा एक दिवस म्हणजे एक रन. रोज सकाळी सरांनी आकडा टाकायचा आणि मी तो वहीत लिहायचा. सरांना हे पोरकट वाटलं. "थट्टा लावलीय," म्हणाले. पण पहिल्या सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी आकडा आला. १.

पहिला आठवडा चाळीने कसा काढला ते चाळच जाणे. सर कुणाशी बोलत नव्हते आणि बोलले तर ऐकवत नव्हतं. भाजीवालीने पालक ताजा आहे म्हटलं तर "नाही." पाण्याच्या पंपावरून चाललेल्या मीटिंगमध्ये दोन्ही बाजू ऐकून दोघांनाही चुकीचं ठरवून निघून आले. परळच्या एका सरकारी इस्पितळात तंबाखू सोडवायची ओपीडी असते, तिथे मुलगी त्यांना ओढून घेऊन गेली. तिथल्या बाईंनी चघळायला गोळ्या दिल्या आणि सांगितलं, तलफ उठली की दहा मिनिटं कशाततरी काढा, ती ओसरते.

सरांनी दहा मिनिटांचा हिशेब आपल्या पद्धतीने लावला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दादरच्या माझ्या ऑफिसात फोन वाजला.

"काय चाललंय?"

"काम, सर. का?"

"काही नाही. दोन ओव्हर बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मॅचबद्दल नको."

म्हणून मी काहीही बोलले. कॅन्टीनच्या उपम्यात आज राई जळली होती. आईचा गुडघा. वरच्या मजल्यावरच्या बाईने मांजर पाळलंय आणि ते आमच्या दारात येऊन बसतं. सर मधे मधे 'हं' करत होते. बरोबर दहा मिनिटांनी म्हणाले, "ओव्हर," आणि फोन ठेवला.

मग हे रोजचंच झालं. कधी मला, कधी केदारला, कधी मुलीला. केदार सांगायचा की त्याला एकदा ट्रायलच्या रांगेत फोन आला आणि त्याने दहा मिनिटं आपल्या आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्णन केलं. मागच्या पोरांना वाटलं हा वेडा झाला. हळूहळू सरही बोलायला लागले. पंधरा वर्षांत मैदानावर मला त्यांच्याबद्दल जे कळलं नव्हतं ते त्या दहा-दहा मिनिटांत कळलं. त्यांना स्वतःला बॅटिंग कधी जमली नाही, हे कळलं. चाळीच्या टीममध्ये अकरावा म्हणून घेत आणि तिथूनही काढलं, तेव्हा मैदान सुटू नये म्हणून ते अंपायर झाले. माईंना त्यांनी लग्नाआधी एकदाच पाहिलं होतं आणि होकार द्यायला फक्त एक मिनिट घेतलं होतं. "तेवढाच निर्णय घाईत दिला," म्हणाले. "तो बरोबर होता."

नवव्या दिवशी मात्र फोन कुणी उचलला नाही. सर खाली उतरले आणि नाक्यावरच्या पानाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. टपरीवाला रामअवध त्यांना वीस वर्षं न मागता पाकीट देत आला होता. त्या दिवशी त्याने पाकिटाला हात लावला नाही. बडीशेपेची पुडी पुढे केली.

"साहब, हम भी ग्रुप में हैं."

केदारने त्याला कधी घेतलं ते कुणालाच माहीत नव्हतं. सर बडीशेप चघळत परत आले आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यांदा आकड्यापुढे त्यांनी तीन शब्द लिहिले. 'हे बरं नाही.' त्यावर रामअवधने हात जोडलेलं चित्र टाकलं.

असे दिवस जात राहिले. खोकला आधी वाढला, मग कमी झाला. माईंनी गॅलरीतले पडदे धुतले आणि त्यांचा मूळ रंग पिवळा नसून पांढरा होता हे सगळ्यांना समजलं. रन एक एक करून चाळिशीच्या पुढे गेले.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आकडा आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला मेसेज आला.

'आऊट. रविवारी मी उभा राहणार नाही. दुसरा अंपायर बघावा.'

आदल्या दिवशी डोंबिवलीला नातीचं बारसं होतं. गच्चीवर जावयाच्या काकांनी पाकीट पुढे केलं. कुणी पाहिलं नव्हतं. काका संध्याकाळीच नाशिकला निघून गेले होते. सरांनी सांगितलं नसतं तर जगात कुणालाही कळलं नसतं.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर केदार आणि मी डिलाईल रोडला गेलो. सर खाटेवर बसले होते. पांढरा कोट घडी करून, पिशवीत घालून दाराजवळ ठेवला होता. असोसिएशनला परत द्यायचा म्हणून.

"हात सवयीने गेला असेल, सर," मी म्हटलं.

"घेताना सवयीने गेला. पेटवताना मला कळत होतं."

केदार खिडकीत टेकून म्हणाला, "सर, एक नियम विचारू? अपील केल्याशिवाय अंपायर आऊट देऊ शकतो?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही."

"बॅट आणि पॅडमधून बॉल गेला, स्टम्प उडाले, तरी?"

"बॅट्समन स्वतः चालता झाला तर गोष्ट वेगळी. नाहीतर अपील लागतं."

"मग तुम्हाला आऊट कुणी मागितलं? आम्ही तर नाही मागितलं. काका नाशिकला. तुम्ही स्वतःच बॅट्समन, स्वतःच अंपायर, आणि अपीलही स्वतःच? कुठल्या पुस्तकात आहे हे?"

सर गोंधळले. खरोखर गोंधळले. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं आणि ते मनातल्या मनात पानं उलटताना दिसत होते. "पण मी ओढलीय," ते म्हणाले. "नॉट आऊट कसं म्हणू? ते खोटं होईल."

"अपील नाही, सर."

"अरे, पण ओढलीय ना!"

हे पाच मिनिटं चाललं असेल. आत कढईत काहीतरी तळत होतं. तेवढ्यात माई झारा हातात घेऊन बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "हाऊज दॅट!"

आम्ही तिघेही दचकलो.

"काय बघतात? मीया विचारतंय. हाऊज दॅट?"

सरांनी माईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं ते अवघड निर्णयाच्या आधी पिचकडे बघत. मग हळूच उजवं बोट वर केलं.

"झाला?" माई म्हणाल्या. "आऊट तर आऊट. आता उद्यापासून परत सुरू करा. आनि ता कोटाचा गाठोडा हयसून उचला, माका केर काढूचो हा."

केदार हसत सुटला. "दोन इनिंगची मॅच आहे, सर. पहिल्या इनिंगला आऊट झालेला माणूस घरी जातो काय?"

आणि सर हसले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. हसले की ते अगदी वेगळे दिसत, पुढचा एक दात जरा तिरका, डोळे पार मिटलेले. माईंनी आमच्यासमोर भज्यांची ताटली ठेवली. मी पिशवीतून वही काढली.

"सत्तेचाळीस. आऊट कसा लिहू, सर?"

सरांनी भजं खाली ठेवलं आणि नीट विचार केला. "हिट विकेट," ते म्हणाले. "स्वतःच स्टम्प पाडले. बोलरचं नाव लिहू नकोस. काकांचा त्यात दोष नाही."

रविवारी सर मैदानात आले. कोटाला इस्त्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी आकडा आला, दुसऱ्या इनिंगचा, चार.

दुसरी इनिंग सावकाश झाली. या वेळी सर ग्रुपला थट्टा म्हणत नव्हते. कुणी सकाळी आकड्याखाली अंगठा टाकला नाही तर उलट विचारत, "बरं आहे ना?" सत्तेचाळीसच्या दिवशी त्यांनी दिवसभरात मला तीनदा फोन केला. माझ्याकडचे विषय संपले, शेवटी मी त्यांना आमच्या सोसायटीच्या नियमावलीतली कलमं वाचून दाखवली. त्यांना ती फार आवडली. अठ्ठेचाळीस आला तेव्हा कुणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी नुसते अंगठे टाकले. ते एकोणतीस होते, मी मोजले.

त्याच सुमारास दिघे नावाचे त्यांचे जोडीदार अंपायर एका मॅचच्या टी-ब्रेकला साइटस्क्रीनमागे निघाले होते. सर त्यांच्या बरोबरीने चालू लागले आणि म्हणाले, "दिघे, मला जरा दोन ओव्हर तुमच्या गावाबद्दल सांगा." दिघे सांगत राहिले आणि टी संपला. असं सहा रविवार झालं. सातव्या रविवारी दिघ्यांनी ग्रुपमध्ये घ्यायला सांगितलं.

शंभर झाले तो शनिवार होता. माई तीस वर्षांत पहिल्यांदा मैदानावर आल्या, मोठ्या डब्यात घावणे आणि चटणी घेऊन. ड्रिंक्सच्या वेळी केदारची अख्खी टीम रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, मग समोरची टीमही. सर पिचच्या मधोमध एकटे उभे होते. हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. आयुष्यात त्यांच्यासाठी मैदानावर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, घड्याळाकडे पाहिलं आणि ओरडले, "चला, चला, वेळ झाली."

खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच बॉलला केदारने एलबीडब्ल्यूचं अपील केलं. अगदी गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात पसरून. सरांनी मान हलवली.

"सर!" केदार म्हणाला. "आजच्या दिवशी तरी!"

"लेगच्या बाहेर पडलाय. बॉल टाक."

तंबूत माईंनी मला विचारलं, "दिल्यानी नाय?" मी म्हटलं, नाही. "माका वाटलाच," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या वर्षी वयाच्या नियमाने सरांचं अंपायरिंग संपलं, आणि चाळ पाडायला निघाली तेव्हा ते दोघं गावी, कुडाळजवळच्या घरी राहायला गेले. फोन असतो. आता ते बोलतात आणि मी 'हं' करते. पण प्रत्यक्ष शेवटचं पाहिलं ते जायच्या आधीच्या आठवड्यात, लोअर परळला. मी ऑफिसच्या कामासाठी त्या बाजूला गेले होते आणि पादचारी पुलाच्या जिन्याखाली दोघं दिसली. सरांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, माई मागून काहीतरी बजावत होत्या. बाजार बंद व्हायच्या आत बांगडे घ्यायचे होते, एवढं ऐकू आलं.

"सर!" मी हाक मारली.

ते वळले. "काय गं? ये, ये, वर ये!" म्हणाले आणि थांबले नाहीत. बोलत बोलत जिना चढत गेले. मीही निघाले. मधल्या वळणावर मला धाप लागली आणि कठड्याला धरून उभी राहिले. वर बघितलं तर सर शेवटच्या पायरीवर पोचले होते, एक पिशवी माईंना देत होते, आणि सुरमई घ्यायची की बांगडे यावर त्यांचं अजून चालूच होतं.

मी वर पोचले तेव्हा ती दोघं पलीकडचा जिना उतरून रस्त्याला लागली होती. गर्दीत सरांचं पांढरं डोकं सगळ्यांपेक्षा जरा उंच दिसत होतं. माई काहीतरी म्हणाल्या, सर डोळे मिटून हसले, आणि दोघं कोपऱ्यावरून बाजाराकडे वळली.